खोबरेल, विरजण आणि बर्फातला ट्रॅक्टर

डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे न्हाणीघरातल्या फळीवरची खोबरेलाची बाटली उलटी करा, थेंब पडणार नाही. तेल आटलेलं नाही, कुणी संपवलेलंही नाही. बाटली काठोकाठ भरलेली असते, तेल फक्त बाहेर यायला तयार नसतं. गरम पाण्याच्या तांब्यात ती पाच-दहा मिनिटं उभी केली की तेच तेल पुन्हा धार धरतं.

त्याच पहाटे निफाडला किंवा महाबळेश्वरला जुन्या जीपची किल्ली फिरवली, तर स्टार्टर कण्हतो, दोन गचके देतो आणि गप्प होतो. आपण म्हणतो, ‘बॅटरी उतरली.’ दहाच्या उन्हात जीप थोडी तापली की तीच बॅटरी एका फटक्यात इंजिन फिरवते. मधल्या वेळात कुणी तिला चार्जिंगला लावलेलं नसतं. मग सकाळी ती वीज कुठे होती?

खोबरेलाचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे, बॅटरीचं सहसा नसतं. निफाडच्या थंडीत ते माहीत नसलं तरी चालून जातं, कारण ऊन चढेपर्यंत थांबलं की काम भागतं. पण जिथे दोन-दोन महिने ऊन चढूनही पारा अनेकदा शून्याच्या खालीच राहतो आणि यंत्राचं काम नेमकं त्याच दिवसांत असतं, तिथे हे उत्तर माहीत असावंच लागतं. म्हणून हा प्रश्न आपण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या पूर्व भागात, शेनेक्टडी नावाच्या गावात नेऊ.

शेनेक्टडीचं यंत्र

एडिसनने १८८६ साली आपला यंत्रांचा कारखाना या गावात हलवला आणि १८९२ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनी उभी राहिली. याच कंपनीने १९६९ साली ‘इलेक-ट्रॅक’ नावाचा विजेवर चालणारा गार्डन ट्रॅक्टर बाजारात आणला. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे आपल्या शेतातला नांगरट करणारा ट्रॅक्टर नव्हे. एक माणूस बसेल एवढं, घराभोवतीचं मोठं आवार सांभाळणारं ते छोटं चारचाकी यंत्र असतं. उन्हाळ्यात त्याच्या पोटाखाली गवत कापायची पाती लावायची आणि हिवाळ्यात ती काढून पुढे बर्फ उडवणारा पंखा किंवा बर्फ ढकलणारं फाळकं जोडायचं.

इलेक-ट्रॅकच्या मोठ्या नमुन्यांत ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असत. या गोल्फच्या मैदानावरच्या गाड्यांत असतात तशाच, शिसं आणि आम्लाच्या. सगळ्या मिळून ३६ व्होल्ट. चार्जर ट्रॅक्टरवरच बसवलेला, तो घरातल्या साध्या प्लगवर चाले. १९७०च्या दशकाच्या मध्यावर कंपनीने हा धंदा सोडला, पण यंत्रं एवढी दणकट होती की हौशी माणसं ती आजही दुरुस्त करून वापरतात. बॅटरी आणि थंडी यांचं नातं समजून घ्यायला मला हे जुनं यंत्र नव्या यंत्रांपेक्षा सोयीचं वाटतं. त्यात संगणक नाही, त्यामुळे थंडी जे करते ते उघड दिसतं.

या कामाला ताकद किती लागते याचा अंदाज घेऊ. घराच्या फाटकापासून गॅरेजपर्यंत २० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद रस्ता आहे आणि त्यावर रात्रीतून वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर बर्फ पडला आहे असं समजा. हा झाला १६ घनमीटर बर्फ. भुसभुशीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी दीड टनाहून जास्त भरतो. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट. एवढं ओझं उचलून बाजूला फेकायचं असतं, आणि तेही बॅटरी सगळ्यात जास्त आखडलेली असते अशा सकाळी.

ट्रॅक्टरच्या मोटरला मात्र थंडीचा त्रास नसतो, उलट ती मानवते. तांब्याची तार थंड झाली की विजेला कमी अडवते. तापमान ४० अंशांनी उतरलं तर तांब्याचा अडथळा सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. गिअरमधलं ग्रीस आणि तेल घट्ट होतं, म्हणून पहिली काही मिनिटं चाकं जड फिरतात, एवढंच. बॅटऱ्यांचं वजनही इथे कामाला येतं. अशी एक बॅटरी सुमारे २८ किलोची, म्हणजे सहांचे पावणेदोनशे किलोच्या आसपास होतात. चाकांना साखळ्या बांधल्या की हेच वजन ट्रॅक्टरला बर्फावर घट्ट रोवून धरतं. एकूण काय, अडचण आहे ती बॅटरीच्या पोटात.

प्लेटा, आम्ल आणि विरजण

शिसं-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली बनवली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. आपल्या घरातल्या इन्व्हर्टरखाली जी जड पेटी असते, ती हीच. आत दोन तऱ्हेच्या प्लेटा असतात. एकीवर सच्छिद्र शिसं, दुसरीवर शिशाचा तपकिरी ऑक्साइड. दोन्ही प्लेटा पाण्यात मिसळलेल्या गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. अशा एका जोडणीला सेल म्हणतात. एका सेलचे साधारण २ व्होल्ट, म्हणून ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल आणि आपल्या ट्रॅक्टरमध्ये एकूण अठरा.

बॅटरीतून वीज घेतली की आम्लातला सल्फेटचा भाग दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी वाढतं. भरलेल्या बॅटरीत आम्ल तीव्र असतं, उतरलेल्या बॅटरीत ते पातळ झालेलं असतं. चार्जिंग म्हणजे उलटा प्रवास. बाहेरची वीज प्लेटांवरचा सल्फेट सोडवते आणि परत आम्लात पाठवते. हे वाक्य ध्यानात असू द्या, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

थंडी या व्यवहारात दोन ठिकाणी आड येते.

पहिलं ठिकाण आहे रासायनिक क्रियेचा वेग. उन्हाळ्यात रात्री लावलेलं विरजण पहाटे लागलेलं असतं आणि हिवाळ्यात तेच भांडं कणकेच्या डब्याशेजारी जाड फडक्यात गुंडाळून ठेवलं तरी दुपार उजाडते. विरजणात जिवाणू काम करतात, बॅटरीत नुसतं रसायन असतं, पण ऊब कमी झाली की काम मंदावतं हा नियम दोघांना सारखाच लागू आहे. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८८९ साली तो सूत्रात बसवला. ढोबळ मानाने सांगायचं तर तापमान १० अंशांनी खाली आलं की कित्येक क्रियांचा वेग निम्म्यावर येतो.

दुसरं ठिकाण म्हणजे आम्लाचा प्रवास. प्लेट बाहेरून सपाट दिसली तरी आतून ती जाळीदार भाकरीसारखी असते, बारीक बारीक छिद्रांनी भरलेली. वीज द्यायची तर त्या छिद्रांत ताजं आम्ल सतत झिरपत राहावं लागतं. काकवीची बरणी थंडीत वाकडी करून पाहिली असेल तर पुढचं सांगायला नको. थंड आम्ल घट्ट होतं आणि छिद्रांत हळू शिरतं. मोटर जोरात वीज मागते, छिद्रांतलं आम्ल संपतं, बाहेरचं अजून वाटेत असतं आणि व्होल्टेज कोसळतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की बॅटरी संपली.

ट्रॅक्टर पंधरा मिनिटं नुसता उभा ठेवला तर तेवढ्यात आम्ल आत झिरपतं आणि बॅटरी पुन्हा थोडी चालते. संपलेली गोष्ट विश्रांतीने भरून येत नसते. तेव्हा वीज होतीच, तिच्यापर्यंत पोहोचायची वाट तेवढी तुंबली होती.

भरलेल्यातली निघते किती?

गोल्फगाडीच्या चांगल्या बॅटरीवर २२० किंवा २२५ अँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. हा आकडा वीस तास हळूहळू, अकरा-एक अँपिअरने वीज घेतली तरचा. तिलाच सलग ७५ अँपिअरने पिळलं तर ती दोन तासही पुरत नाही, एकूण १४०-१४५ अँपिअर-तासच हाती लागतात. घाईने मागितलं की कमी मिळतं, हा गुण जर्मनीच्या विल्हेल्म पॉइकेर्ट यांनी १८९७ साली मोजून मांडला. ही गोष्ट अजून २५ अंशांच्या उबेतली आहे, थंडी आलेलीच नाही.

आता पारा उतरवू. २५ अंशांना जेवढी वीज निघते तिला शंभर मानलं, तर शून्य अंशाला सुमारे ऐंशी आणि उणे १८ला जेमतेम निम्मी निघते. म्हणजे ऑक्टोबरात पावणेदोन तास गवत कापणारा ट्रॅक्टर जानेवारीत तासाभरातच मान टाकेल. तेवढा तासही मिळेल याची खात्री नसते, कारण बर्फ फेकणं हे गवत कापण्यापेक्षा भारी काम आहे. मोटर जास्त अँपिअर ओढते आणि पॉइकेर्टचा नियम थंडीच्या जोडीला येऊन बसतो.

राहिलेली निम्मी वीज मात्र हरवलेली नसते. ट्रॅक्टर उबेत आणला की ती पुन्हा निघते, खोबरेल निघतं तशीच. थंडीने बॅटरी ‘कमी भरते’ असं नाही, तिच्यातून ‘कमी निघतं’. हा फरक नीट कळला नाही की माणूस दोन चुका करतो: चांगली बॅटरी खराब समजून बदलतो, नाहीतर खरोखर उतरलेली बॅटरी ‘थंडीमुळे असं होतंय’ म्हणून तशीच रात्रभर बाहेर ठेवतो. पहिल्या चुकीत पैसे जातात. दुसरीत बॅटरी फुटते.

पॉट आइस्क्रीमचा धडा

ती का फुटते हे कळायला लाकडी बादलीतलं पॉट आइस्क्रीम आठवा. मधल्या डब्यात दूध, भोवती बर्फ आणि त्यावर मूठमूठ खडेमीठ. मीठ पाण्यात विरघळलं की ते पाणी शून्य अंशाला गोठत नाही, आणखी बरंच खाली जाऊ शकतं. त्या शून्याखालच्या खाऱ्या पाण्याच्या गारव्याने आतलं दूध गोठतं.

बॅटरीत मिठाच्या जागी आम्ल आहे. भरलेल्या बॅटरीत आम्ल तीव्र असतं, म्हणून ती उणे ५५ अंशांपर्यंतही गोठत नाही. एवढी थंडी शेनेक्टडीत पडत नाही. पण बॅटरी जसजशी उतरते तसतसा आम्लातला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे उरतं ते बहुतेक पाणीच. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ८ ते १० अंशांनाच गोठते, आणि शेनेक्टडीत जानेवारीतल्या रात्री पारा उणे १५च्या खाली गेला तर कुणी दचकत नाही.

पाण्याचा बर्फ होताना तो फुगतो. प्लेटा वाकतात, प्लेटांमधले पातळ पडदे फाटतात, पेटीला तडा जातो. वसंतात बर्फ वितळला की आम्ल जमिनीवर गळतं.

यातली एक बाब सहज निसटते. बॅटरी थंडीत वापरताना ती पुरती उतरवणं जमतच नाही, कारण त्याआधीच व्होल्टेज कोसळतं आणि ट्रॅक्टर थांबतो. आत आम्ल बऱ्यापैकी शिल्लक राहतं आणि बॅटरी वाचते. खरा धोका असतो तो उबेत वापरून तळाला नेलेल्या बॅटरीला. नोव्हेंबरातल्या एखाद्या सौम्य दुपारी शेवटचं गवत कापलं, पाला गोळा केला, ‘उद्या लावू चार्जिंगला’ म्हणून ट्रॅक्टर उघड्या छपरीत उभा केला आणि आठवडाभराने कडाका पडला, की ती बॅटरी गेली. म्हणून मी म्हणेन की थंडी बॅटरीला मारत नाही, उतरलेली बॅटरी थंडीत टाकून देण्याची सवय मारते.

> चौकट: कोणती बॅटरी केव्हा गोठते?
>
> ‘ग्रॅव्हिटी’ म्हणजे आम्ल पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा. शुद्ध पाण्याची ग्रॅव्हिटी १.
>
> पूर्ण भरलेली, ग्रॅव्हिटी १.२६५ : उणे ५५ अंशांच्याही खाली
> पाऊण भरलेली, १.२२५ : सुमारे उणे ३७
> अर्धी, १.१९० : सुमारे उणे २४
> पाव, १.१५५ : सुमारे उणे १६
> पूर्ण उतरलेली, १.१२०च्या खाली : उणे ८ ते १०
>
> हे अंश बॅटरीच्या आतले आहेत, हवेचे नव्हेत. जड बॅटरी हवेमागून सावकाश थंड होते, पण रात्र मोठी असते.

ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी, म्हणजे हायड्रोमीटर, गल्लीतल्या बॅटरीवाल्याकडेही दिसतो. पण कडाक्याच्या थंडीत तो फसवतो. थंड आम्ल आकसतं, त्यामुळे जड होतं आणि नळीतला तरंगता खूण-दांडा वर येतो. दर अंशाला आकड्यात सुमारे ०.०००७चा फरक पडतो. एका अंशाला हा फरक नगण्य आहे, पण बॅटरी उणे १५ला असेल तर २५ अंशांपासून ४० अंशांचं अंतर पडतं आणि आकडा ०.०२८ने जास्त दिसतो. नळी १.२२५ दाखवते, तुम्ही म्हणता पाऊण भरलेली आहे. खरा आकडा असतो १.१९७, म्हणजे अर्ध्याच्या जरासा वर. थंडीत नळीवरच्या आकड्यातून एवढं वजा केल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

थंड बॅटरी चार्जरला फसवते

वापरून झाल्यावर चार्जिंगला लावायचं एवढंच सांगून भागलं असतं तर बरं झालं असतं. पण थंडी चार्जिंगच्याही आड येते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात कमी समजलेला भाग हाच आहे.

अरुंद तोंडाच्या कळशीत नळ जोरात सोडला तर पाणी तोंडाशी फेसाळून उसळतं आणि बाहेर सांडू लागतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं कळशी भरली. नळ बंद केला की पाणी आत बसतं आणि कळतं की अजून बरीच रिकामी आहे. थंड बॅटरीचं तसंच होतं. प्लेटांवरचा सल्फेट लवकर सुटत नाही, आम्ल छिद्रांतून लवकर बाहेर येत नाही आणि प्लेटांच्या तोंडाशीच व्होल्टेज चढतं. चार्जर ते व्होल्टेज बघून ठरवतो की बॅटरी भरली, आणि वीज कमी करतो. सकाळी दिवा हिरवा असतो आणि बॅटरी साठ-सत्तर टक्क्यांवर.

एकदा असं झालं तर काही बिघडत नाही. पण हिवाळाभर रोज थोडी अपुरी भरली, तर प्लेटांवर उरलेला सल्फेट घट्ट खडे धरू लागतो. मऊ साखर दमट डब्यात राहून ढेकूळ व्हावी तसं. या खड्यांना पुन्हा विरघळवणं फार अवघड असतं. बॅटरीची जागा कायमची अडते आणि लोक म्हणतात, ‘चार्ज धरत नाही.’

उपाय आहे, आणि तो सोपा आहे. थंडीत चार्जरने व्होल्टेज वाढवून द्यायचं. बॅटरीचं तापमान २५च्या खाली जाईल तसं दर अंशामागे दर सेलला ४ ते ५ मिलिव्होल्ट जास्त, असा हिशेब असतो. आपल्या ट्रॅक्टरचे सेल अठरा. २५ अंशांना चार्जिंगच्या शेवटी सुमारे ४४ व्होल्ट लागत असतील, तर बॅटरी उणे १५ला असताना आणखी तीन ते साडेतीन व्होल्ट, म्हणजे ४७च्या आसपास द्यावे लागतात. चांगल्या नव्या चार्जरला एक बारीक वायर असते, तिच्या टोकाला तापमान ओळखणारा मणी असतो. तो मणी बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा असतो. गॅरेजच्या भिंतीला लावून उपयोग नाही, कारण चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते. भिंत उणे १० सांगत राहील, बॅटरी दहा अंशांवर पोचलेली असेल आणि चार्जर नको तेवढी वीज ढकलत राहील.

जुन्या ट्रॅक्टरवरच्या साध्या चार्जरला असा मणी नसतो. तिथे हिवाळ्यात दोन-तीन तास जास्त चार्जिंग करायचं आणि अधूनमधून ग्रॅव्हिटी बघायची, हाच मार्ग.

पाणी घालण्याचा नियमही इथेच सांगायला हवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं आपल्याला ठाऊक आहे. थंडीत ते चार्जिंग संपत आल्यावरच घालावं, कारण तेव्हा उठणारे बुडबुडे पाणी आणि आम्ल ढवळून काढतात. काम झाल्यावर पाणी घालून ट्रॅक्टर तसाच उभा केला तर ते हलकं पाणी आम्लावर तरंगत राहतं आणि पहाटेपर्यंत गोठतं. भरलेल्या बॅटरीतही ही आफत ओढवते.

ऊब कुठून आणायची?

थंडीवरचा खरा इलाज ऊबच. आणि ती आणायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे चार्जिंग.

वीज आत ढकलताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. एरवी तो तोटा असतो, हिवाळ्यात ती शेकोटी ठरते. शिवाय पावणेदोनशे किलोचं शिसं आणि आम्ल एकदा उबदार झालं की लवकर निवत नाही. चुलीवरून उतरवलेला जाड तवा बराच वेळ हाताला चटका देतो, तसं.

यातून एक अतिशय सोपी युक्ती निघते. संध्याकाळी परत आल्यावर बॅटरी अजून कोमट असते, तेव्हा लगेच चार्जिंगला लावायची, म्हणजे ती वीज चांगली घेते आणि रात्री गोठायचा धोका टळतो. पण थोडं चार्जिंग मागे ठेवायचं. टायमर लावून शेवटचे दोन-तीन तास पहाटे, कामाच्या अगोदर संपतील असे बसवायचे. सकाळी सहाला बर्फ काढायचा असेल तर चार्जर साडेपाचला बंद व्हावा. मग ट्रॅक्टर भरलेल्याच नव्हे, उबलेल्या बॅटरीनिशी बाहेर पडतो. उणे १० अंशांची बॅटरी ५ अंशांवर आली तरी त्याच विजेतून जास्त काम निघतं.

ती ऊब टिकवायला बॅटरीच्या कप्प्याला आतून थर्मोकोल किंवा फोमचे पत्रे लावतात. अंगावर घोंगडी घेतली तर घोंगडी स्वतः ऊब देत नाही, असलेली ऊब जाऊ देत नाही, तसंच हे. जिथे थर्मोकोल पुरत नाही तिथे बॅटरीच्या तळाशी विजेवर तापणारी पातळ गादी ठेवतात. हिशेब केला तर एवढ्या बॅटऱ्यांचं तापमान २० अंशांनी चढवायला एका युनिटच्या आसपासच वीज लागते. तेवढ्या विजेत कोंडलेली कितीतरी जास्त वीज मोकळी होते, म्हणून हा खर्च मला वावगा वाटत नाही.

ऊब राखताना एक चूक जिवावर बेतू शकते. चार्जिंगच्या शेवटी बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं तरी ठिणगीने स्फोट होतो. त्यामुळे कप्पा बाजूंनी आणि खालून गुंडाळावा, पण वर वायू निघून जायला वाट ठेवावीच. घट्ट झाकण लावलेला उबदार कप्पा हा बॉम्ब आहे.

आणि बॅटरी गोठलीच असेल, तर? पेटी फुगलेली दिसते, झाकण उघडल्यावर आत बर्फ दिसतो. अशा बॅटरीला चार्जर लावायचा नाही आणि दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून झटकाही द्यायचा नाही. आत वायू कोंडून ती फुटू शकते. कोमट जागी एक-दोन दिवस ठेवून बर्फ आपोआप वितळू द्यावा, पेटीला तडा नाही ना ते बघावं आणि मगच पुढचा विचार करावा. तडा असेल तर ती बॅटरी संपली.

लिथियमची गोष्ट निराळी

हल्लीच्या विजेच्या यंत्रांत शिशाऐवजी लिथियमच्या बॅटऱ्या येतात. त्या हलक्या असतात, थंडीत वीज देण्यातही शिशापेक्षा साधारणपणे बऱ्या. पण चार्जिंगच्या बाबतीत त्यांना शून्याखाली एक कडक पथ्य आहे.

लिथियमची बॅटरी चार्ज होते तेव्हा लिथियमचे विद्युतभारित कण ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. हे एसटीत चढण्यासारखं आहे. आत जागा भरपूर असली तरी दारातून एकेकानेच शिरायचं असतं. थंडीत आतले लोक हळू सरकतात, दाराशी गर्दी तुंबते. मागून लोंढा येतच राहिला तर लोक दाराबाहेर लटकू लागतात. लिथियमचंही तसंच होतं. आत शिरता न आलेले कण ग्राफाइटच्या पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. यातलं बरंचसं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची कुवत कायमची घटते. आणि साचलेल्या धातूला सुईसारखी टोकं फुटली तर ती आतला पडदा भेदून दोन्ही बाजू एकमेकींना भिडवू शकतात.

म्हणून शून्याखाली लिथियमच्या बॅटरीतून वीज घेता येते, तिला वीज देता येत नाही. चांगल्या बॅटरीतली नियंत्रण-पाटी अशा वेळी चार्जिंग अडवून ठेवते आणि मालकाला वाटतं चार्जर बिघडला. तो बिघडलेला नसतो. बॅटरी शून्याच्या वर येऊ द्यायची, मग ती निमूट वीज घेते. काही बॅटऱ्यांत आत तापवणारी गादीच बसवलेली असते: प्लग लावला की वीज आधी गादीला जाते, मग सेलना.

हिवाळाभर उभा ठेवायचा असेल, तर

बर्फाचं काम नसलेले लोक ट्रॅक्टर नोव्हेंबरात उभा करतात तो थेट एप्रिलमध्ये काढतात. त्यांच्यासाठी थंडी शत्रू नाही, मैत्रीण आहे. न वापरता पडलेली बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरत असते, आणि तेही रसायनच असल्यामुळे दर १० अंशांच्या थंडीला त्याचा वेग साधारण निम्मा होतो. पूर्ण भरून, वायर सोडवून ठेवलेली शिशाची बॅटरी गोठणाऱ्या छपरीत निवांत हिवाळा काढते. महिन्या-दीड महिन्याने ग्रॅव्हिटी बघायची आणि उतरलेली दिसली तर भरून घ्यायची, एवढं पुरतं.

आपल्याकडे हाच नियम उलट्या बाजूने छळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात घरातला इन्व्हर्टर ४० अंशांच्या पुढच्या हवेत उभा असतो, तिथे बॅटरी जोमाने वीज देते आणि जोमानेच झिजते. २५च्या वर दर ८-१० अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होत जातं. तिथे चार्जरचं व्होल्टेज वाढवायचं नसतं, कमी करायचं असतं, आणि पाणी दुप्पट वेळा तपासायचं असतं. तुमचा इन्व्हर्टर गच्चीखालच्या पत्र्याच्या खोलीत असेल तर तो या उन्हाळ्याआधी घरातल्या सगळ्यात गार, पण हवेशीर कोपऱ्यात हलवा.

आणि तुमचं कुणी न्यूयॉर्ककडे, टोरांटोला किंवा मिनेसोटात राहत असेल, गॅरेजमध्ये शिशाच्या बॅटरीवरचा असा एखादा ट्रॅक्टर असेल, तर त्यांना फोनवर एवढं जरूर सांगा: बर्फ काढून आत आल्यावर बॅटरी कोमट आहे तोवर प्लग लावा, बूट नंतर काढा.